बादलीतलं रिव्हॉल्वर

मी जन्माची जंगलातली, बारवी नदीकडची, आनि उभा जन्म गेला बंदुका रंगवन्यात, आता हे कुनाला सांगितलं तर हसनार का नाय? तुम्ही पन हसलात बघा ताई. हसा, मला पन येतं हसू. बाप माझा दोन खाचरांत भात लावायचा आनि बाकीचं वर्ष जंगलात, मोळ्या म्हना, करवंदं म्हना, जे मिळंल ते. बंदूक मी लहानपनी एकदाच पाहिली, एका शिकाऱ्याच्या खांद्यावर, ती पन लांबून. कोयता मात्र रोजचा. बापाच्या कोयत्याची मूठ काळी कुळकुळीत झालेली, आनि जिथं त्याचा अंगठा बसायचा तिथं येवढा खळगा पडलेला, तेवढाच पिवळा, गुळगुळीत. मी त्या खळग्यात माझा अंगठा घालून बसायची. का बसायची, ते नाय सांगता यायचं. बरं वाटायचं.

मंग लग्न झालं नि आली उल्हासनगरला, कॅम्प एकात. नवरा सुतार, परसूसेठच्या फर्निचरच्या कारखान्यात. सगळं जग ह्यांना मिस्त्री बोलायचं, मी पन मिस्त्रीच बोलते, नाव घेतलं ते उखान्यात तेवढंच. परसूसेठ सिंधी मानूस, पोटानं मोठा आनि जिभेनं त्याहून मोठा, पन मनानं चांगला हो. तो सिनेमावाल्यांना सामान भाड्यानं द्यायचा, पलंग, झुंबरं, राजाची खुर्ची. एक दिवस आला आनि मिस्त्रींच्या पुढं कागद टाकला, इंग्लिश मासिकातला फाडलेला फोटो. हॅटवाला मानूस, गाडीला टेकून उभा, आनि हातात बंदूक, तिच्या पोटाला गोल डबा, आपला चकलीचा डबा असतो ना तसा. परदेशातल्या जुन्या टोळीवाल्यांच्या सिनेमात तीच असायची. सेठ बोलला, मिस्त्री, ऐसी चार बना दे, अपना हिरो गैंगवाला बना है. मिस्त्री बोलले, साईं, एक बाजू दिसते, दुसरी बाजू कुठंय? सेठ बोलला, दूसरी बाजू भगवान जाने, तू बना.

आता काय सांगू तुम्हाला. मिस्त्री दोन दिवस नुसते बसून. दुसऱ्या बाजूला काय असंल, काय असंल. शेवटी आमच्या खोलीच्या दाराला जी कडी व्हती ना, सरकती, तशीच लाकडाची कडी बनवली आनि दिली लावून. सिनेमा चालला, मंग दुसरे कारखानेवाले आमचीच बंदूक बघून बनवायला लागले, तर त्यांनी पन कडी लावली! किती सिनेमांत त्या टोळीवाल्यांनी आमच्या दाराची कडी घेऊन मानसं मारली, मोजायला नको. पुढं अंबरनाथला बंदुकांच्या कारखान्यातनं रिटायर झालेले एक काका भेटले, त्यांनी डोक्याला हात लावला. बोलले, मिस्त्री, ही कडी कशाला? मिस्त्री बोलले, बंद करायला.

माझं काम रंगाचं. लाकूड घासून काळा हात मारायचा, सुकला की पेन्सिलीच्या शिशाची पूड करायची, ती फडक्यानं चोळायची, चोळत राहायची, तेव्हा लाकडाला लोखंडाची चमक येते. माझी बोटं कायम करडी, भाकरी थापायची तर आधी लिंबू चोळायची. पन बंदूक नवी दिसून नाय चालत. टोळीचा म्होरक्या हाय, दहा वर्सं कमरेला लावून फिरतोय, तर त्याची बंदूक नवीकोरी कशी असंल? मंग मी बापाचा कोयता आठवायची. अंगठा कुठं बसतो, नळी कमरेला कुठं घासते, तिथला तिथला काळा उडवायची. मिस्त्री बोलायचे, सुमे, तू बंदूक नाय रंगवत, तू मानूस रंगवते. असं बोलायचे ते.

आनि वजन. लाकूड हलकं, नट लोकं ती बंदूक कंगव्यासारखी हलवायची, पडद्यावर लगेच कळायचं. मंग मिस्त्रींनी मुठीत भोक पाडून शिसं भरायला सुरवात केली, थोडंच, पन हात खाली ओढला गेला पायजे येवढं. सेठ खूश. बोलला, अब लगता है मारेगा.

आम्ही सिनेमाला जायचो दोघं, आनि लोकं हिरो बघायची, आम्ही बंदूक बघायचो. हे माझ्या कानात बोलायचे, ती आपली, ती दुसऱ्या कारखान्याची, ती बघ तुझी, घासलेली. आनि पडद्यावर कोनी पडला की मला कोपरानं ढोसायचे, बघ सुमे, आज माझ्या हातनं चौघं मेले. मी हसून हसून बेजार. मागची लोकं ओरडायची, ओ बाई, तो मरतोय तिकडं, तुम्ही हसता काय. येवढीच आमची गंमत व्हती ताई. तेव्हा काय ठाऊक, हीच गंमत म्हातारपनी अशी उठून बसंल.

मंग काय, रबराच्या आल्या, फायबरच्या आल्या, सेठ गेला, कारखाना पोरांनी बंद केला. आम्ही बदलापूरला मांजर्लीत खोली घेतली, तळमजल्यावर. सगळे फर्मे, मापाचे लाकडी साचे, सगळ्या बंदुका पोत्यांत भरून आनलेल्या, मिस्त्री टाकू देईनात. आनि मंग तो मोठा पूर आला. पहाटे उठली तर पलंगाला पानी लागलेलं. दार उघडलं, आनि आमच्या बंदुका निघाल्या ताई, पोती फुटून, एकामागनं एक, रस्त्यानं. वरच्या मजल्यावरची लोकं गॅलरीत उभी, सगळे बघत राहिलेले. गोल डब्यावाल्या पुढं, पिस्तुलं मागं, कशी संथ चाललेली नदीकडं. मी कमरेयेवढ्या पान्यात उभी, आनि मला भीती नाय वाटली, काय नाय. मला वाटलं, कुनाचं तरी लग्नाचं वऱ्हाड चाललंय. अजून स्वप्नात येतं ते, आनि स्वप्नात पन मी अडवत नाय.

राहिलं ते एकच, फळीवर ठेवलेलं रिव्हॉल्वर, सहा गोळ्यांचं. सागाचं. त्याचं चाक पन फिरतं लाकडाचं, टिक टिक. ह्यांच्या हातचं येवढंच राहिलं.

चार वर्सं झाली, मिस्त्री विसरायला लागले. आधी चष्मा, मंग रस्ता, मंग मुलीचं नाव. संगीता आमची, पालेगावला दिलीय, ती आली की विचारतात, ह्या बाई कोन? ते मी सोसलं. पन एके दिवशी संध्याकाळी टीव्हीवर जुना टोळीवाल्यांचा सिनेमा लागलेला, एक जन मेला, आनि हे रडायला लागले. मला वाटलं दुखतंय कुठं. तर बोलतात, सुमे, त्याला मी मारला. माझ्या हातची व्हती ती. मी बोलली, अहो सिनेमा हाय. तर बोलले, मीच बोलायचो ना तुला, आज चौघं मेले? आता सांग, मी बोलायचो का नाय?

बोलायचे तर व्हते. बाकी सगळं गेलं डोक्यातनं, तेवढंच राहिलं.

टीव्ही बंद केला तरी सुटका नाय, संध्याकाळ झाली की सुरू. त्यांची पोरं असतील, बायका असतील, असं बोलत राहायचे. जेवायचे नाय, ताट सरकवायचे. अंगावर हाडं राहिली. एकदा तर दुपारी मी दळनाला गेली, हे चालत चौकीत! हवालदाराला बोलले, मला धरा, सगळ्या टोळ्यांना बंदुका मी पुरवल्या. हवालदार भला मानूस, त्यानं चहा पाजला, आनि फोन लागला तेव्हा मला बोलला, आजी, घेऊन जावा, पन बाबा लई मनापासून बोलतात हो. संगीता बोलली, आई, डॉक्टरला दाखवू, दाखवलं, गोळ्या दिल्या, झोप आली, रडनं नाय गेलं. मला एकच भीती, की हा मानूस स्वतःला खुनी समजूनच मरंल. आयुष्यात मुंगी नाय मारली ज्यानं, रंधा मारताना फळीवर मुंगी असली तर फुंकर घालायचा.

मी रिव्हॉल्वर दाखवलं, ठोकून दाखवलं, बघा लाकूड. तर बोलतात, मूठ लाकडाचीच असते. आता माझ्याच रंगाचं काम माझ्या मुळावर आलेलं!

एके दिवशी रागानं मी ते पान्यानं भरलेल्या बादलीत फेकलं. वैतागलीच व्हती. तर ते आत गेलं आनि वर आलं. शिशानं मूठ खाली, नळी वर, बेडकानं नाक काढावं तसं. मिस्त्री उठून आले, वाकून बघितलं लई वेळ. बोलले, सुमे, लोखंड तरंगतं का गं? मी बोलली, नाय. मंग हे लाकडाचं? मी बोलली, सागाचं, तुमच्या हातचं. मंग ती मेलेली मानसं? मी बोलली, ती उठली, तोंडं धुतली, रंग काढला, आनि आपापल्या घरी गेली जेवायला. हे हसले ताई. तोंडावर हात ठेवून हसले. बोलले, मंग आपन पन जेवू.

पन दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा कोरी पाटी. पुन्हा रडनं, पुन्हा बादली, पुन्हा, लोखंड तरंगतं का गं? रोज. सहा-सात महिने रोज. आनि लाकूड ते लाकूडच, पानी पिनारच ना? रंग सुटला, चाक फुगून अडकलं, आनि नळी रोज थोडी खाली, थोडी खाली. मी गच्चीत उन्हात ठेवायची, मेन चोळायची, वर राखनीला बसायची. संगीतानं बाजारातनं प्लास्टिकचं आनलं, ते ह्यांनी बघितलंच नाय, बोलले, हे पोरांचं. माझा जीव नुसता टांगनीला. ज्या दिवशी हे बुडंल, त्या दिवशी मी काय सांगू? लोखंडच व्हतं म्हनून?

आनि गेल्या दिवाळीच्या आधी बुडालं. मी सोडलं, ते गेलं, आनि वर नाय आलं. तळाला टेकलं, टप् असा आवाज पन आला. मी बादली धरून तशीच, वर बघायची हिंमत नाय. मिस्त्री वाकले. बघत राहिले. पान्यात बघताना त्यांचा चेहरा हलत व्हता, पान्यानं का कशानं, मला नाय कळलं. मंग माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी, लग्नाला येवढी वर्सं झाली, कधी ठेवला नव्हता, आनि बोलले, बरं झालं सुमे. बुडवलंस ते बरं केलंस. आता कुनाला लागनार नाय.

त्या दिवसापासून नाय रडले. एकदा पन नाय. मी येवढे महिने त्यांना सांगत राहिली की तुम्ही नाय मारलं कुनाला, आनि त्यांना ते नकोच व्हतं ताई, त्यांना ती बंदूक कुठंतरी ठेवून द्यायची व्हती. मला नाय कळलं. मी आपली सुकवत बसली.

आता बादली तशीच हाय मोरीत, पानी बदलते, ते नाय काढत. त्यांच्या हातचं शेवटचं हाय, रोज वाटतं काढावं, पुसावं, उन्हात ठेवावं. कुजंल ते. कुजू दे. तुमच्यासारखी लेक येवढं लांबनं ऐकायला आली, देव तुमचं भलं करो, पन फोटो नका मागू त्याचा. संध्याकाळी मिस्त्री भिंत धरून मोरीपर्यंत जातात, वाकतात, आनि विचारतात, हाय का गं खालीच? मी पोळपाटावरनं बोलते, हाय. मंग येतात, हात धुतात, आनि ताटावर बसतात.