अर्ध्या मिनिटाचा दम

आमच्या गणपतला कुस्तीतले डाव सगळे येत होते, पण दोन मिनिटांत त्याला धाप लागायची. रोज सकाळी कळमनुरीच्या रस्त्यानं कोसभर पळायचा, तरी तेच. मग आमचे वस्ताद नांदेडच्या शिबिरातून एक नवीनच मेहनत शिकून आले. शिट्टी झाली की अर्धं मिनिट जीव तोडून झोंबायचं, पुन्हा शिट्टी झाली की अंग सैल सोडून अर्धं मिनिट दम घ्यायचा. अशा दहा फेऱ्या.

गणपत म्हणाला, "थांबत थांबत कुठं दम वाढत असतो व्हय?"

"करून तर पाहू," वस्ताद म्हणाले.

तालमीत शिट्टी नव्हती. तोंडात दोन बोटं घालून मीच वाजवायचो. अन् नवल म्हणजे, दोन महिन्यांत खरंच फरक पडला.

जवळा बाजारच्या जत्रेत त्याची कुस्ती लागली. सहा मिनिटं झाली तरी आपला गडी ताजा, समोरचा धापा टाकून राहिला. गणपतनं त्याला खाली घेतला, पाठ टेकायला वीतभर राहिली, अन् तेवढ्यात यानं हातच सोडले. समोरचा उलटला आणि गणपतच चित झाला.

वस्ताद धावत गेले. "काहून सोडला रे त्याला?"

"शिट्टी झाली नं वस्ताद. दम घेऊन राहिलो व्हतो."

वस्तादांनी गर्दीत मला शोधलं. माझी दोन बोटं अजून तोंडातच होती.