गुरुवारचा प्रसाद

— नाही आबा, आत्ता वर नका जाऊ. तुमच्या गुडघ्यांचं म्हणून नाही, वर मॅडमकडं मूल आहे. मूल आत असलं की दार वाजवायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. माझी जागा, माझा जिना, तरी मलाही लागू. बसा या पोत्यावर. तुमच्याच खाचरातला तांदूळ आहे, बिनधास्त बसा. सोपानआबा कामशेतला आले आणि रतनशेठकडं न टेकता गेले, असं वीस वर्षांत झालंय का? नाही झालेलं. चहा सांगितलाय.

हां, कार्ड बघितलं मी. श्रीयशच्या शर्टाच्या खिशात सापडलं म्हणता. वर श्रीयशचं नाव, खाली माझ्या दुकानाचा पत्ता — ते खरं आहे. आणि तुम्ही मॅडमना सांगायला आलात की आमच्या नातवाचं नाव खोडा, त्याला काही झालेलं नाही. सांगा की. तुमचा नातू, तुमचा हक्क. मी कोण अडवणार? फक्त जरा थांबा. चार वर्षं पोरगं बोलेल म्हणून थांबलात, मग वीस मिनिटांनी काय होतंय?

काय म्हणालात — ‘आमच्यात समदी उशिराच बोलत्यात’? व्हय, हे वाक्य मला पाठ आहे. या गल्ल्यावर बसून गेल्या चार वर्षांत इतक्यांदा ऐकलंय. कुणाचा मामा सहाव्या वर्षी बोलला आणि नंतर सरपंच झाला. कुणी जिभेला वेखंड घासून आलेलं असतं. एकानं पोपटाचा उष्टा पेरू चारला — ज्याचा उष्टा, तो पोपट बोलत होता म्हणे. मी हसत नाही. आपल्या मुलासाठी माणूस काय काय करतो, त्याला हसू नये.

वर काय चालतं ते विचारताय? मी शिकलेला नाही, सातवीत शाळा सुटली, पण चार वर्षं ऐकून ऐकून कळलंय तेवढं सांगतो. पहिल्यांदा कान तपासून आणायला लावतात. ऐकूच येत नसेल तर बोलणार काय? मग कुणाला बोलायचं शिकवतात. ते म्हणजे पाढे नव्हेत — फुगे, आरसा, फुंकर, गाणी. कुणाला हातापायाचं काम देतात, झोक्यावर बसव, कणकेत बोटं घाल, बटण लाव. कुणी मोठं असतं, पाचवी-सहावीतलं, हुशार, पण अक्षरं डोळ्यापुढं नाचतात. त्याला वेगळ्या बाई आहेत, शनिवारी येतात. ज्याला जे हवं ते. सगळ्यांना एकच गोळी असली दुकानदारी नाही. आणि मॅडम, या राजेश्वरी मॅडम, कधीच म्हणत नाहीत की सहा महिन्यांत बरा करते. मी धंदेवाला माणूस, मी म्हटलं, मॅडम, थोडं ठोकून सांगा, लोक थांबतात. त्या म्हणाल्या, शेठ, तुम्ही तांदूळ विका.

खेळवतात नुसतं, असं मलाही वाटायचं. पण आता तुमचा श्रीयश घ्या, मिक्सर लागला की कान झाकून कोपऱ्यात पळायचा, तो आता उंबऱ्यापर्यंतच जातो आणि परत येऊन बघतो —

मला कोण म्हणालं? तुम्हीच म्हणाला असाल. मागं पेंढीचं विचारायला आला होतात तेव्हा. नाही? मग विक्की म्हणाला असेल, जीपवाला, त्याला सगळ्यांच्या घरातलं — आबा, उठू नका. चहा आला बघा. घ्या. चहा हातात घेतलेला माणूस उठत नाही, हा बाजाराचा रिवाज आहे.

बरं, सांगतो. निसटलंच आहे. तुमची सूनबाई, कोमल, गुरुवारी पोराला घेऊन शिरगावला साईबाबांना जाते ना? पहिल्या गुरुवारी खरंच गेली होती. परत येताना इथं उतरली, मॅडमची पाटी वाचली, अर्धा तास समोर उभी राहिली. मी म्हटलं, ताई, तांदूळ हवाय का? म्हणाली, नको. मग मला कळलं. तेव्हापासून तीन महिने दर गुरुवारी ती इथपर्यंतच येते. आणि तुम्ही डोक्याला लावून खाता तो पेढा — शेजारच्या डेअरीतला. मीच आणून ठेवतो. पण मॅडमच्या टेबलावर बाबांचा फोटो आहे, पुडा त्याच्यापुढं ठेवूनच देतो. म्हणजे प्रसाद तो प्रसादच. खोटं मी मापात नाही घालत, प्रसादात कशाला घालू?

रागवा. मला रागवा, तिला नको. तिनं तुम्हाला सांगायला तीनदा तोंड उघडलं, तीनदा तुम्ही म्हणालात, आमच्यात समदी उशिराच बोलत्यात.

मी का पडलो यात? मला काय, जागेचं भाडं येतं. एवढंच. — एवढंच नाही. माझी वल्लरी माहीत आहे ना, नात? दोन वर्षांची झाली तरी हाक मारली तर वळायची नाही. सूनबाई म्हणाली, दाखवू या. मी म्हटलं, नवा तांदूळ आहे, चिकटणारच. इंद्रायणी पोत्यात वर्षभर ठेवला की भात आपोआप मोकळा होतो, हे मी तिला — पोरीच्या आईला — पोत्यावर हात मारून सांगितलं. घरात कुणाची टाप होती? वर्षानं म्हटलं, अजून एक वर्ष. तांदूळ मला कळतो ना. सगळ्या मावळात माझ्याइतका कुणाला कळत नाही.

शेवटी चौथ्या वर्षी मॅडमकडं नेली. आता आठ वर्षांची आहे. बोलते, तुकड्या-तुकड्यात. मला आजोबा नाही म्हणत, शेठ म्हणते. दुकानात सगळे म्हणतात, तेच तिनं उचललं. मी एकदा मॅडमना विचारलं, दोन वर्षं आधी आणली असती तर? त्या खेळणी आवरत होत्या, आवरतच राहिल्या. ती बाई खोटं बोलत नाही आबा. जागा मी त्यांना त्यानंतर दिली. आधी तिथं बारदान होतं.

श्रीयशचं तुमच्यामुळं झालंय असं कुणीच म्हणत नाही. कुणामुळं होत नसतं ते. पण दिवसभर तो कुणाजवळ असतो? गुरुवारची सुट्टी सोडली तर सूनबाई कंपनीत, मुलगा कंपनीत, पोर तुमच्याजवळ. ते बोट करतं, तुम्ही पळता. पाणी, खाऊ, गाडी, बैल दाखवायला. गुडघे दुखतात तरी पळता. त्याला बोलायचं कामच उरत नाही. मॅडमना घरातलं एक माणूस हवंय, जे थांबेल. जास्त नाही, मनात पाच मोजेपर्यंत. कोमल म्हणाली, आबा थांबतील, त्यांना कुणी नीट सांगितलं तर. मी म्हटलं, मी बघतो. म्हणून बसवलंय तुम्हाला इतका वेळ.

होय. वर तोच आहे. आज गुरुवार.

नका उठू. दार उघडलंय, उतरतायत ते. आता ऐका, वेळ कमी आहे. कोमल तुम्हाला बघून पांढरी पडेल, तिच्याकडं बघायचं नाही. तो या फुटाण्यांच्या बरणीकडं बोट करेल, दर वेळी करतो. बरणीला हात लावायचा नाही. ‘काय पायजे बाळा’ म्हणायचं नाही. हसायचंही नाही. नुसतं त्याच्या तोंडाकडं बघायचं आणि पाच मोजायचे. पाचला काही नाही आलं तर देऊ, उपाशी नाही ठेवायचा. पुढच्या गुरुवारी परत मोजू.

आलाच. केलं बघा बोट.

आता मीही गप्प.