एक टक्का कमी पडला

...आणि ती पोटगीच्या ऑफिसातली बाई मला फोनवर काय सांगते, ‘सर, कमाई पंचवीस टक्क्यांनी घटली तरच पोटगी कमी होते, तुमची चोवीसच टक्के घटलीय.’ चोवीसच! तुम्हाला सांगतो, गरीब व्हायला निघालो, तिथेही एक टक्का कमी पडला.

आता मी कोण? मी ह्यू. स्वान्सी शहरात गाद्या विकतो. साथ आली, दुकानाला कुलूप लागलं, आमचे मालक, आयवरसाहेब, त्यांनी आम्हाला फर्लोवर घरी बसवलं. फर्लो! सैनिकाला मिळते, कैद्याला मिळते, आता गादीवाल्यालाही. मूळ पगाराचे ऐंशी टक्के हातात, आणि कमिशनचं नाव काढायचं नाही, कारण बंद दुकानात गादीवर बसून बघायला येणार कोण? पण पोटगी लागते गेल्या वर्षीच्या कमाईवर, त्यात कमिशन धरलेलं! पोटगी कुणाची, तर आमच्या सेरिसची. सात वर्षांची पोर, आईकडे राहते. आई म्हणजे नेरिस, माझी एकेकाळची बायको. तिचं शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम शाळेबरोबरच बंद. म्हणजे पोटगी भरली तर माझं घरभाडं थकतं, नाही भरली तर पोरीच्या ताटातलं कमी होतं. सांगा, कुठे जायचं माणसानं?

मी हिशोब केला होता हो! सव्वीस टक्के घट, चोख! मग ते चोवीस कसे झाले? तर साहेबांना माझी दया आली. पगारात गुपचूप चाळीस पौंड जास्त टाकले. ‘ह्यू, बाळा, तुला लेक आहे, राहू दे.’ राहू दे? अहो, त्या चाळीस पौंडांनी माझा अर्ज बुडवला! धावत फोन केला, साहेब, पाया पडतो, ते परत घ्या. ते म्हणाले, ‘आयुष्यात पहिल्यांदा कमिशनवाला पैसे परत देतोय, तुला ताप आहे का?’ मी समजावतोय, एक टक्का, साहेब, फक्त एक टक्का... तर ते खाकरले. साहेब खाकरले की गादीची किंमत तरी पडते, नाहीतर माणूस.

‘ह्यू, आज ना उद्या सांगणारच होतो. दुकान आता उघडत नाही. तुला महिन्याची नोटीस.’

महिना सरला. सरकारी भत्ता लागला. पुन्हा त्याच बाईला फोन. आवाज अगदी मऊ. ‘सर, आता तुम्ही नियमात बसता.’ म्हटलं, किती झाली पोटगी? ‘आठवड्याला सात पौंड.’

एक टक्का मागत होतो हो, देवानं शंभर दिले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. सात पौंडांत सात वर्षांची पोर... जिंकलो मी, अर्ज मंजूर.

आता हे नेरिसला तुमच्यापैकी कुणी सांगता का?