सुकेळ्यांच्या लेबलासाठी

(वसई रोड स्टेशनजवळचं कॉम्प्युटरचं दुकान. मार्च २००४.)

आग्नेल : आंटी नाही आल्या आज? मागे की-बोर्ड त्यांनीच पसंत केला होता.

सुधाकर : ती गेली. संक्रांतीनंतर.

आग्नेल : गेल्या म्हणजे... सॉरी काका. मला कोणी बोललंच नाही.

सुधाकर : मलाही उशिराच कळलं. वाडीत पंप चालू होता, फोन ऐकूच आला नाही. शेजारची लिडिया कुंपणाशी आली आणि म्हणाली, जयवंती बँकेत चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात पोचलो तोवर संपलं होतं. अंगणात राजेळी केळी सोलून वाळत घातलेली, ती तशीच. संध्याकाळी लिडियानेच आत घेतली. पुढची उन्हंही तिनेच दाखवली.

सलोनी : बाबा, त्याला दुसरी गिऱ्हाइकं आहेत. प्रिंटरचं बोला ना.

सुधाकर : प्रिंटरचंच बोलतोय. तीच सुकेळी डब्यात आहेत. त्यांची लेबलं छापायची आहेत.

आग्नेल : मग टेन्शन काय? हा इंकजेट बघा. कलर. एकदम सस्ता. ही सॅम्पल प्रिंट... काका, डब्यातून काय काढलं? काउंटर चिकट होणार.

सुधाकर : सुकेळं आहे. बोटाला त्याचा पाक लावायचा आणि कागदावरून फिरवायचं. बघ. अक्षरं गेली, निळा डाग राहिला.

आग्नेल : पण लेबल असं कोण चोळतं?

सुधाकर : चोळायला लागत नाही. सुकेळं पाझरतं. घरच्या जुन्या प्रिंटरचं हेच झालं. पारनाक्यावरच्या दुकानदाराने पाकिटं परत केली. कुणी केलं, कधी केलं ते वाचता येत नाही तर विकू कसं, म्हणाला. या खेपेला लेबल पुसणार नाही, असं जयवंती त्याला सांगून आली होती. छापखानेवाल्याला विचारलं, तर तो हजाराच्या खाली छापत नाही. माझ्याकडे माल एक डबा.

सलोनी : मी म्हटलं, हाताने लिहू. नातेवाइकांत वाटू. तर तेही नको.

सुधाकर : वाटायला केली नव्हती तिने. विकायला केली होती.

आग्नेल : मग लेझर घ्या. त्यात शाई नसते, पावडर तापून कागदावर बसते. लावा बोट. लावा, लावा.

सुधाकर : हं. जात नाही.

आग्नेल : पण फक्त ब्लॅक हां. घरी विंडोज कुठलं?

सलोनी : अठ्ठ्याण्णव.

आग्नेल : ओह. मग हा नाही चालणार. एक्सपी लागेल.

सुधाकर : बोट लावून झाल्यावर सांगतोस? नालासोपाऱ्यात गेलो, तो म्हणाला याची वायर तुमच्या कॉम्प्युटरला बसणार नाही. विरारला एकाने दाखवला, त्यात पावडर अर्धीच, ती संपली की नवा डबा प्रिंटरच्या निम्म्या किमतीत. परवडतो तो चालत नाही, चालतो तो परवडत नाही. इतकं तर लग्नाला मुलगी बघताना फिरलो नव्हतो.

आग्नेल : काका, चिडू नका. एक आयडिया देतो. फ्लॉपी आणा, एका डब्याची लेबलं मी इथे लेझरवर काढून देतो. आंटींसाठी. पैसे पण नको.

सलोनी : झालं तर मग. थँक्स आग्नेल. चला बाबा.

सुधाकर : या डब्याचं होईल. पुढच्यांचं काय?

सलोनी : पुढचे कुठले?

सुधाकर : वाडीत राजेळी तयार झालीय.

सलोनी : ती केळीवाल्याला द्यायची आहेत ना? मे महिन्यात तुम्ही विरारला आमच्याकडे येणार. ठरलंय आपलं. कौस्तुभने तुमची खोली रंगवून घेतली.

सुधाकर : तुम्ही ठरवलंत. मी मान हलवली. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी मी मान हलवत होतो.

सलोनी : म्हणजे महिनाभर मला दुकानादुकानांतून फिरवताय, ते यासाठी? सरळ सांगायचं होतं ना, मी उमेळ्याची वाडी सोडत नाही म्हणून.

सुधाकर : प्रिंटर मिळाला की सांगणार होतो.

सलोनी : आणि सुकेळी करणार कोण? तुम्ही? आईला नुसतं बोट लावून कळायचं, केळं कधी उलटायचं, कधी उन्हातून काढायचं. तुम्हाला पिकलेलं केळं धड सोलता येत नाही.

सुधाकर : नाही येत. लिडियाला थोडं कळतं. पहिले दोनतीन घड वाया जातील.

सलोनी : एकटे जेवणार, एकटे केळी वाळवणार. रात्री काही झालं तर मला फोन कोण करणार?

सुधाकर : लिडिया. तेव्हाही तीच आली होती.

आग्नेल : मी मध्ये बोलू का? माळ्यावर एक लेझर आहे. डिस्प्लेचा पीस. कोपरा चेपलाय, बाकी ओके. वायर जुनीच, अठ्ठ्याण्णववर पण चालतो. पावडर फुल. फक्त स्टिकर लेझरचेच घ्या. साधे घेतले तर गरमीने आत चिकटतील.

सुधाकर : उतरव. छापून दाखव.

सलोनी : सुकेळं द्या इकडे. मी बोट लावते... नाही पुसत.

सुधाकर : बांधून दे.

सलोनी : कौस्तुभला मी काय सांगू?

सुधाकर : जावईबापूंना मी सांगेन. रविवारी ये आणि हा जोडून दे. लेबलं काढू, सोमवारी डबा पारनाक्यावर देऊन येतो.

सलोनी : लेबलावर नाव आईचंच ठेवू?

सुधाकर : या डब्यावर तिचंच. केलंय तिने.

सलोनी : आणि नंतरच्या?

सुधाकर : ते ठरायचंय. घड अजून झाडावरच आहेत.