सुताराची तीन बिलं

राजश्री : हे नाही चालणार, सुधीरशेठ. फ्रीज?

सुधीर : साइटवर घेतला होता मॅडम. पोरांना थंड पाणी नको का?

राजश्री : दोन दरवाज्यांचा, वर फुलांची नक्षी? बिलावर पत्ता तुमच्या उलव्याच्या घरचा आहे.

सुधीर : बरं, राहू द्या फ्रीज.

राजश्री : मिक्सर मशीनचं भाडं घेतलं. सेंट्रिंगचं प्लाय, डिझेल, मजुरांचा विमा, गमबूट, सगळं घेतलं. धंद्यासाठी खरंच जो खर्च झाला त्यातला एक रुपया मी सोडत नाही. पण लग्नातला आहेर नाही धरता येत.

सुधीर : बिल्डरच्या पोरीचं लग्न होतं. तो काय मी खुशीनं दिला?

राजश्री : आता हे काय? सुतारकाम. परत सुतारकाम. परत तेच. एकाच माणसाची तीन बिलं, सगळी या वर्षातली. कुठली साइट?

सुधीर : घरचंच हाय. बेडरूमच्या दाराला रंधा मारून घेतला.

राजश्री : घरचं दार धंद्याच्या खर्चात?

सुधीर : पण घर दिलं कुणी? बिल्डरनं. माझं शेवटचं बिल थकवलं आणि वर म्हणतो, पैसे नाहीत, त्याच बिल्डिंगमधला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घे. मीच बांधलेली बिल्डिंग. म्हणजे घर धंद्यातनंच आलं की नाही?

राजश्री : धंद्यातून आलं, पण त्यात तुम्ही राहता. विषय संपला. आणि एकाच दाराला तीनदा रंधा?

सुधीर : बसतच नाय ओ चौकटीत. लाकूड फुगतं. खाडीची हवा.

राजश्री : भर मे महिन्यात?

सुधीर : काय माहीत. सुतारच कच्चा असेल.

राजश्री : आणि हे पुट्टीचे डबे?

सुधीर : दारावरच्या कोपऱ्यात चीर आलीये. प्लास्टरचीच, केसाएवढी. दिसली की मी भरून टाकतो.

राजश्री : भरली की परत येते?

सुधीर : समोरून न्हावा शेव्याचे कंटेनर जातात, दिवसरात्र. हादरणारच. ते सोडा ना मॅडम, मी टॅक्सच्या नोटिशीसाठी आलोय. उद्या उत्तर द्यायचंय.

राजश्री : तेच सांगायचंय. तुम्ही उलव्याच्या बिल्डिंगसाठी ज्याच्या बिलांवर सळई दाखवलीत, त्या माणसाचं रजिस्ट्रेशन रद्द झालंय. मी काल स्वतः तुर्भ्याला जाऊन आले. त्या पत्त्यावर गोडाऊन नाही, उसाच्या रसाची गाडी आहे. तो सळई विकत नाही, नुसती बिलं विकतो.

सुधीर : सगळेच घेतात असली बिलं.

राजश्री : घेतात. माल बिनबिलाचा स्वस्तात उचलायचा आणि बिल दुसऱ्याचं लावायचं. बिल खोटं, पण माल खरा. माझ्याकडे असे पाच जण आहेत आणि पाचही जणांवर मी दरवर्षी खेकसते. आता ऑफिसर विचारतोय, माल साइटवर आला याचा पुरावा दाखवा. वजनकाट्याची पावती, ट्रकचा नंबर, काहीतरी.

सुधीर : नाय ओ काही.

राजश्री : मग हा सगळा खर्च नामंजूर होणार. वर टॅक्स, व्याज, दंड.

सुधीर : फ्लॅट विकावा लागेल मला.

राजश्री : एक मार्ग आहे. बिल्डिंग तर उभी आहे ना? इंजिनिअर आणू. ते मशीन लावून पिलर तपासतात, आत किती सळई आहे ते कळतं. आत सळई आहे म्हणजे ती आली होतीच, कुणाकडून का असेना. मग मी भांडून निदान अर्धा खर्च तरी वाचवीन.

सुधीर : इंजिनिअर नको.

राजश्री : फी फार नसते.

सुधीर : पावण्याच्या ओळखीचा एक आहे. तो न बघता सर्टिफिकेट देतो.

राजश्री : बघून मिळत असताना न बघता कशाला?

सुधीर : उगाच डोक्याला ताप नको म्हणून.

राजश्री : सुधीरशेठ, तुम्ही माल रोखीत उचलला होता ना? हो म्हणा. मी अजिबात ओरडणार नाही.

सुधीर : थोडा उचलला होता.

राजश्री : थोडा म्हणजे?

सुधीर : बिल्डरनं आधीच रेट पाडला. त्यात सळईचा भाव चढला. मी काय घरातनं घालू? त्याचा इंजिनिअर यायचा, चहा पिऊन जायचा. मग जाडीच्या जागी बारीक सळई टाकली. सळया आवळायच्या रिंगा लांब लांब बांधल्या. बिलं मात्र ड्रॉइंगप्रमाणे पुरी लावली, म्हणजे टॅक्सही वाचेल.

राजश्री : कुठे टाकली बारीक?

सुधीर : खालच्या पिलरना.

राजश्री : म्हणजे बिल खोटं आणि मालही खोटा.

सुधीर : तेव्हा मला काय स्वप्न पडलं होतं, की तो त्याच बिल्डिंगमधला फ्लॅट माझ्या गळ्यात मारेल?

राजश्री : नसता मारला तर चाललं असतं?

सुधीर : तीन वर्षं उभी हाय, मॅडम. काय झालंय तिला?

राजश्री : दाराला तीनदा रंधा मारावा लागलाय. मला भीती वाटतेय, सुधीरशेठ. तुमच्या वर किती घरं आहेत?

सुधीर : वर सहा मजले. मजल्यावर चार-चार.

राजश्री : हा खर्च मी क्लेम करणार नाही. उत्तरावर सहीही करणार नाही. आधी माणसं बाहेर काढा आणि पालिकेला कळवा. टॅक्सचं मग बघू. हप्ते पाडून घेईन, तुमच्याबरोबर ऑफिसरसमोर उभी राहीन. पण आधी ते.

सुधीर : सांगितलं की मी आत गेलो. आणि लोक काय सोडतील मला? कर्ज काढून घर घेतलंय एकेकानं. समजा काहीच होणार नसलं, तर मी फुकट मेलो ना?

राजश्री : आणि होणार असलं तर?

(सुधीरचा फोन वाजतो. तो स्क्रीनकडे बघत राहतो.)

राजश्री : घरून आहे. घ्या. स्पीकरवर घ्या.

सुधीर : बोल अरुणा.

अरुणा : अहो, सुतार येऊन गेला. म्हणतो, वहिनी, आता दारात तासायला काही उरलं नाही. दार सरळच आहे म्हणे, चौकट तिरकी झालीये. पैसेसुद्धा नाही घेतले त्यानं. साहेब बांधकामातले आहेत, त्यांना दाखवा, त्यांना कळेल म्हणाला.

सुधीर : आई कुठंय?

अरुणा : आतल्या खोलीत झोपल्यात. सकाळी दार अडकून आत राहिल्या होत्या, केवढ्या घाबरल्या. आता उघडंच ठेवलंय मी.

सुधीर : उठव तिला. रिक्षा कर आणि पनवेलला तुझ्या भावाकडं जा.

अरुणा : आत्ता? भाजी टाकलीये मी. झालं काय?

सुधीर : रंग लावायचाय घराला. आईला वास सहन होत नाही. गॅस बंद कर आणि निघ.

राजश्री : सुधीरशेठ, बाकीच्यांनाही सांगायला सांगा.

अरुणा : कोण बोलतंय?

सुधीर : टॅक्सवाल्या मॅडम हायत. त्यांचं दुसरं चाललंय. तू निघ.

अरुणा : असं एकदम रंगाचं काढलंत. बरं, निघते. पण रंगारी आले तर दार कोण उघडणार? शेजारी वैशालीकडे किल्ली ठेवते. ती घरीच असते, आठवा महिना लागलाय तिला. सुतारालाही आत्ता तिच्याकडेच पाठवलंय मी, तिचंही दार कालपासून बसत नाहीये.

राजश्री : सुधीरशेठ.

अरुणा : ऐकताय ना? तिच्याकडे ठेवू ना किल्ली?

सुधीर : ठेव.