कावळ्यासमोर दिलेला शब्द

मी मूळचा टेंभुर्णीचा. बाप मेंढरं वळायचा, मीबी वळली, मंग मेंढरं रोगानं मेली आन् मी न् माझी बायको गोदा पोट भरायला जालन्याला आल्तो. मी हमाल, ती सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायला. जिनाचा मुकादम सखाराम आमच्याच गावचा, त्याच्या पाया पडून तिला मीच कामाला लावलं. हे आधी लिहा. मीच लावलं.

काय सांगू तुम्हाला, बाया ओटीत कापूस नेतात म्हणून हा सखाराम बाहेरून कुलूप घालायचा, सुटताना एकेकीची झडती घेऊन सोडायचा. त्या दुपारी आत आग लागली. कापूसच तो, भडकायला किती वेळ! मी पाठीवरची गठाण टाकून पळालो, तर हा दाराम्होरं उभा, किल्ली कंबरेला. म्हणलं खोल. तर म्हणतो शेठला येऊ दे, गर्दीत माल लुटला जाईल. माल म्हणला बघा, माल! मी अंगावर गेलो, त्याच्या माणसांनी मला दाबून धरलं. भिश्त्यांनी पाण्याच्या मशकी रिकाम्या केल्या, लोहारानं घणानं दार फोडलं, तवर आतला आरडाओरडा थांबला व्हता.

सारं जालना धावलं, खोटं न्हाई बोलणार. आठ दिवस बाजार बंद. मुसलमानांच्या मोहल्ल्यातून भाकरीच्या पाट्या यायच्या, कापडवाल्यानं ठाणच्या ठाण कफनाला फाडलं. कोण कोणती ते कळत नव्हतं. गोदा मी जोडव्यावरून ओळखली.

दहावा सगळ्यांचा एकत्रच केला, कुंडलिकेच्या काठी. पिंडांची रांग. कावळे एकेका पिंडाला शिवत गेले, गोदाचा तेवढा राह्यला. लोक म्हणले, बाबा, तिचा जीव कशात अडकला ते बोल. मी म्हणलं, तुझी शेळी सांभाळीन. न्हाई. तुझ्या बहिणीला अंतर देणार न्हाई. न्हाई. ऊन डोक्यावर आलं, भटजी म्हणला दर्भाचा कावळा करू. मंग माझं डोस्कं फिरलं, मी वरडलो, गोदे, सखारामाच्या तिरडीला ह्या गावात चार खांदे भेटू देणार न्हाई! आन् कावळा बराबर आला. साऱ्या घाटानं बघितलं. माणसं म्हणली, आम्हीबी खांदा देणार न्हाई.

मंग काय? जिनाला नवं दार बसलं, कडी आतून. बाया जल्दीच कामावर परतल्या, पोट कोणाला सुटलंय. चार-दोन सालं दाराला हार घातले, मंग तेबी बंद. घाटावर शब्द देणारे सखारामाजवळ बसून पान खायला लागले. मला म्हणतात, तात्या, सोडा आता, म्हातारा झाला तो. मी म्हणतो, माझी गोदा झाली का म्हातारी?

आता निजामाचं राज गेलं. सखाराम आमच्याच गल्लीत खोकत पडलाय. परवा निरोप धाडला, माफ कर म्हणून. निरोप्याला म्हणलं, सांग त्याला, शेठला इचारून सांगतो.

गाव इसरलं. शब्द आता एकट्या माझ्यावर हाय. मी जित्ता असलो तर त्याच्या दारात आडवा पडेन, मला ओलांडून तिरडी काढायची कोणाची छाती न्हाई. पण मी आधी गेलो तर त्याला चाळीस खांदे भेटतील. म्हणून दात न्हाईत तरी भाकर दुधात कुस्करून खाऊन राह्यलो, छातीला तेल चोळून राह्यलो. तुम्ही लहान, पण आशीर्वाद मीच मागतो. म्हणा, तात्या, त्याच्याहून एक दिस जास्त जगा. म्हणा की.