शाल कुणी घालायची

…तर शाल कुणी घालायची, तर म्हणे मी. आता तुम्हीच सांगा, नांदेडात माणसं काय कमी होती? सभागृह गच्च भरलेलं, पुढच्या रांगेत प्राध्यापक, वकील, कुठले कुठले अध्यक्ष, आणि शाल घालणार कोण, तर भोकरकडचा नरसिंग, ज्याच्या हातात पेन दिला तर हात आधी धोतराला पुसतो. मी आमच्या गावच्या मास्तरला, नागसेनला, गाडीतच म्हटलं, "बाबा रे, मला कुठं नेऊन राहिलास?" तर म्हणतो, "काका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा सत्कार हाय. आपल्या गावात कानाचं काही निघालं की लोक पहिले कुणाकडं जातात? तुमच्याकडं. मग शाल कुणी घालायची?"

ते खरं आहे म्हणा. तुम्हाला सांगतो, आमच्याकडं कुणाचा कान ठणकला की माझं दार. मी तेल कोमट करायचो, लसणाची बारकी पाकळी त्यात बुडवून कानात ठेवायचो, वर कापूस. लेकरू असलं तर मांडीवर घेऊन झोप लागेस्तोवर थोपटत बसायचो. मग दोन-चार रोजांनी तेच माणूस दारावरून जाताना म्हणायचं, "बाबा, गुण आला." बस. एवढ्या तीन शब्दांवर माझी जिंदगी चालली होती… दुसरं काही येत होतं कुठं मला?

तर मी मंचावर. मांडीवर शाल. उजव्या कानाला लागून लाउडस्पीकरचा खोका, कपाटाएवढा. समोर दोन डॉक्टर, नांदेडच्या प्रियदर्शनीबाई आणि लातूरचे संगमेश्वर. दोघं आमच्या भागात वर्षानुवर्षं फुकट शिबिरं घेतात, म्हाताऱ्यांचे कान मायेनं बघतात, असं नागसेन भाषणात म्हणाला. मी शिबिराला कधी गेलो नव्हतो. मला काय गरज? मी तर स्वतःच कानाचा माणूस.

लातूरच्या डॉक्टरांना पाहुण्यांनी शाल घातली आणि ते बोलायला उभे राहिले. हसतमुख माणूस. म्हणाले, "भोकरकडच्या एका गावातल्या कानांतून आम्ही जेवढा लसूण काढला, तेवढ्यात गावजेवणाची फोडणी झाली असती." सभागृह हसलं. मी पण हसलो… आधी हसलो, मग समजलं. "लसणानं आतली कातडी भाजते, कान फुटतो," ते म्हणाले, "म्हणून आम्ही प्रत्येकाला विचारायचो, हा घातला कुणी? तर प्रत्येक जण म्हणणार, मीच. एक आजी म्हणाली, 'चुकून गेला, साहेब.' मी म्हटलं, आजी, लसूण चुकून कानात कसा जातो? तर म्हणाली, 'निजल्यावर.' एक जण म्हणाला, वाऱ्यानं उडून आला."

लोक पोट धरून हसून राहिलेले. आणि मी खाली बघितलं तर आमचं गाव, दोन रांगा भरून, सगळे आपापल्या चपला बघत बसलेले. एकही मान वर नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गुण आला होता, हाव, आला होता. पण कुणाचा? हे सगळे माझ्याकडून उठून गुपचूप शिबिरात जायचे, कान साफ करून घ्यायचे, औषध घ्यायचे, आणि परत येऊन माझ्या दारात सांगायचे, "बाबा, गुण आला." मला वाईट वाटू नये म्हणून. आणि अशा माणसानं शाल घालायची?

तेवढ्यात पुकारलं, "प्रियदर्शनी मॅडमचा सत्कार, नरसिंगकाकांच्या हस्ते." उठलो. पाय कसे चालले ते पायांनाच माहीत. बाईंसमोर उभा राहिलो. आणि तुम्हाला माहीत आहे, माझा आवाज हा असा, घरातसुद्धा दुसऱ्यांदा बोलावं लागतं. मी आपलं त्यांच्यापुरतं हळूच म्हणालो, "बाई, त्यो लसूण… मीच."

मधे माईक होता. मला काय माहीत? सगळ्या जन्मात माझं बोलणं पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, आणि काय गेलं बघा.

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "बाबा, मला माहीत होतं. तुमच्या गावचा प्रत्येक माणूस कान दाखवायचा आणि जाताना म्हणायचा, नरसिंगबाबाला सांगू नका." मी शाल त्यांच्या पायावर ठेवायला वाकलो, तर त्यांनी मला वरच्या वर धरलं आणि आपली मान वाकवली. "घाला," म्हणाल्या, "फक्त खांद्यावर घाला. कानात नको." मग हसले सगळे. आमच्या दोन रांगा पण हसल्या. मी खांद्यावर घातली.

माझ्या डोळ्यांना काय झालं होतं ते सोडा. बाईंना शब्द दिला, पुन्हा कुणाच्या कानात काही घालणार नाही, कुणी आलं तर सरळ तुमच्याकडं पाठवीन. परतीच्या गाडीत सगळं गाव खिडकीबाहेर बघत बसलं, लाजेनं. मी पण, लाजेनं.

आणि आता घरी येऊन बसलो तर त्या खोक्यानं उजवा कान असा ठणकायला लागला… मी नुसता कानाशी हात नेला. पार्वतीबाई, आमची घरवाली, लगेच उठली. चुलीवर तेल ठेवलं, आणि लसूण सोलायला बसली.

आता तिला कोण समजावणार? चाळीस वर्षं तिला शिकवलं कुणी, तर मी.